अण्णांच्या फेऱ्या

"माका एकदा डंपिंगार जावचा आसा."

दिवाळी आटोपून मी विक्रोळीला अण्णांना भेटायला गेले होते, त्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते हे म्हणाले. मला वाटलं देवनार. अण्णा निवृत्त झाले ते देवनारच्याच फेऱ्या करून. मुंबई १९२७ पासून तिथे कचरा टाकत आली आहे, आणि त्या डोंगराकडे आता मुद्दाम बघायला कोण जाणार? पण अण्णांनी मान हलवली. "देवनार न्हय गो. धारावीचा. थंय म्हणे रान झालाहा."

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. वय ७६. आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या अलीकडे. घरातले दोघे भाऊ मुंबईला गेले. माझे बाबा गिरणीत लागले आणि अण्णा महापालिकेत ड्रायव्हर. गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, 'म्युन्शिपाल्टीत ड्रायव्हर'. कसली गाडी चालवतात ते कोणी विचारलं नाही, अण्णांनीही सांगितलं नाही. कचऱ्याची गाडी होती. सत्तरच्या दशकात, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, त्यांच्या फेऱ्या धारावीला मिठी नदीकाठच्या डंपिंगवर असायच्या. मला हे कळलं तेव्हा मी बीएडला होते, आणि तेही काकीच्या तोंडून.

तर आम्ही निघालो. शिवला उतरून टॅक्सी केली. धारावी आगार आलं तसे अण्णा टॅक्सीच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघायला लागले. डाव्या-उजव्या बाजूची एकही खूण त्यांना पटेना. रस्त्यावर गाड्यांचा नुसता कल्ला होता. फाटक आलं आणि आत शिरल्यावर पन्नास पावलांत तो आवाज मागे पडला. झाडं आवाज पितात हे मी वर्गात शिकवते, पण असं कानाला कळण्याइतकं मी क्वचितच अनुभवलं आहे.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर. एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी आणि पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. ही सगळी जागा पूर्वी कचऱ्याचा डेपो होती. तो बंद झाल्यावर तिथे झाडं लावायचं ठरलं आणि १९८३ साली पहिलं रोप लावलं ते पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी. तेव्हा त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. सालिम अलींचं नाव निघालं की मला अलिबागजवळचं किहीम आठवतं. १९३० साली हातात नोकरी नसताना ते बायकोबरोबर तिथे जाऊन राहिले आणि सुगरणींची घरटी न्याहाळत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते, मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे सगळं त्यांनी आपल्या कोकणातल्या झाडांवर बघून लिहून ठेवलं. ज्या माणसाने रिकाम्या हाताने किहीमला बसून पक्षी बघितले, त्यानेच पन्नासेक वर्षांनी कचऱ्याच्या ढिगावर रोप लावावं, हे मला फार आवडतं. पुढे २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

अण्णांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. ते जमिनीकडे बघत चालत होते.

वाट मातीची, दोन्ही बाजूंनी झाडी. करंज, बहावा, ताम्हण, बांबूची बेटं, उंबर. काही झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. खाली पानांचा थर न झाडता तसाच ठेवलेला. आमच्या गावच्या देवराईत पाय टाकल्यावर जसा मऊ लागतो, तसाच पाय इथे लागत होता. नाचण शेपटीचा पंखा उघडून आमच्यापुढे उड्या मारत होता. एका लिंबाच्या झाडाशी नीलवंत दिसलं, काळ्या पंखांवर निळ्या पट्ट्यांचं, आपलं राज्य फुलपाखरू. ते लिंबाच्याच जातकुळीतल्या झाडांच्या पानांवर अंडी घालतं, म्हणून बागेत लिंबू लावलं की हे येतंच. मी अण्णांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "तेव्हा हंय कावळे आणि घारी सोडल्यार काय्येक नाय होता."

मग ते हळूहळू बोलायला लागले.

सकाळी हजेरी चौकीवर सही करायची, गाडीवर मोटर लोडर, म्हणजे कचरा भरणारे कामगार, चढले की गल्ल्या घ्यायच्या. गाडी भरली की धारावी. एका पाळीत जमतील तेवढ्या फेऱ्या. डंपिंगच्या तोंडाशी मुकादम वही घेऊन बसायचा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहायचा. आत वाट अशी नव्हतीच. कालच्या कचऱ्यावर आजची गाडी घालायची. "पावसात गाडी रुतली की संपला. पाठसून दुसरी गाडी येयसर थंयच बसान ऱ्हवाचा. माशयो इतक्यो की जेवणाचो डबो उघडूची सोय नाय." उन्हाळ्यात ढिगातून आपोआप धूर निघायचा. कोणी काडी लावलेली नसायची. रात्रीच्या पाळीला तर ठिकठिकाणी निळसर ज्योती दिसायच्या आणि नवीन लोडर घाबरायचे. त्यांना जुने सांगायचे, भुतं आहेत, त्यांच्याकडे बघू नका.

मी त्यांना म्हटलं, अण्णा, ती भुतं म्हणजे मिथेन. ओला कचरा दाबून टाकला की आत हवा पोचत नाही. हवेवाचून कुजायला लागला की तो वायू तयार होतो आणि ढीग आतून तापतो. म्हणूनच कचऱ्याच्या जागेवर लगेच काही उभं करता येत नाही. जमीन वर्षानुवर्षं खाली बसत जाते, आतून काळं पाणी झिरपतं, वायू वाट शोधत वर येतो. नंतरच्या काळात गोराईचं डंपिंग बंद करताना वर थर दिले आणि पाइप घालून आतला वायू काढून घेतला. इथे त्या वेळी असं काही नव्हतं. इथे माती होती, झाडं होती आणि धीर होता.

"म्हणजे आमी उगीच भियालव," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ त्याच विचारात होते.

करंजाच्या एका मोठ्या झाडाखाली आम्ही बसलो. करंज आमच्या किनाऱ्यावर पोसायला लागत नाही, खाऱ्या वाऱ्यात, पुळणीत, कुठेही येतो. पूर्वी त्याचं तेल दिव्याला घालायचे. शेंगा धरणाऱ्या कुळातलं झाड, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधून ठेवतं, म्हणून स्वतःबरोबर जमीनही सुधारतं. ज्या मातीला मातीपण नाही अशा जागी असलीच झाडं आधी तग धरतात. त्यांची पानं पडतात, कुजतात, गांडूळ येतं आणि मग नाजूक झाडांना जागा होते. हे मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. इथे त्या बाणांच्या मध्ये चाळीस वर्षं आहेत.

वाटेच्या कडेला पावसाने माती धुपली होती आणि तिथून एक काच वर आली होती. हिरव्या बाटलीचा गळा. अण्णांनी चपलेच्या टोकाने थोडं उकरलं. चिंधी, कौलाचा तुकडा, अजून काच.

"गो बाय, ह्या पायाखाली काय आसा म्हायत आसा?"

"कचरो."

"आमी टाकललो," ते म्हणाले.

मी गप्प बसले. एवढी वर्षं हा माणूस ज्याच्याबद्दल बोलला नाही, ते आता पायाखाली होतं आणि त्यावर आम्ही दोघं सावलीत बसलो होतो. मिठीकाठच्या दलदलीत ही ३७ एकर जमीन उभी राहिली ती गाडीगाडीने. त्यातल्या कितीतरी गाड्या माझ्या काकाच्या. प्रवेशापासून इथपर्यंत मी बऱ्याच पाट्या वाचल्या होत्या. कोणाच्या हस्ते, कधी, कुठलं झाड. ते सगळं हवंच. पण आधी ज्यांनी पोटात ढवळत असताना इथे भर घातली, त्या मुकादमांची, ड्रायव्हरांची, मोटर लोडरांची एक ओळ कुठेतरी असायला हवी असं मला तिथे बसल्या बसल्या फार तीव्रतेने वाटलं, आणि अजूनही वाटतं.

अण्णा तेव्हा लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीसेक माणसं, बहुतेक सगळी गिरणीतली. तीन पाळ्या, त्यामुळे एक उठला की त्याच्या जागी दुसरा झोपायचा. अण्णा कामावरून आले की आधी खालच्या नळावर लाइफबॉय लावून दोनदा अंघोळ, खाकी कपडे गॅलरीच्या बाहेरच्या तारेवर. तरीही खोलीतल्या एकाने तक्रार केली आणि अण्णांचा बिछाना गॅलरीत गेला. पावसाळ्यात सुद्धा. "वास अंगाक लागता तो जाणा नाय," ते म्हणाले. "लगीन ठरला तेव्हा तुझ्या काकीक सुद्दा सांगूक नाय. धा वर्सा सांगूक नाय." काकीला मात्र पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिनेही दहा वर्षं ते दाखवलं नाही.

त्याच खोलीत माझे बाबाही होते. खोलीत त्यांचा मान वेगळा, ते गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली पुष्कळशी परत कधी आत गेलीच नाहीत. बाबा वर्षभर वाट बघून गावी आले. मी तेव्हा पाच वर्षांची. त्यानंतर आमच्या घरात दर महिन्याला जी मनिऑर्डर यायची ती अण्णांची. माझी पाटी, दप्तर, डीएड, बीएड सगळं त्या पैशांतून झालं. गॅलरीत झोपवलेल्या माणसाच्या पैशांतून. बाबांना हे फार लागायचं, पण ते कधी बोलले नाहीत. दोघे भाऊ असेच, बोलायचं सोडून सगळं करणारे.

बाबांची गिरणी जिथे होती तिथे आता टॉवर आहे. बाबा असताना एकदा आम्ही तिथे गेलो होतो, वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. ज्या गिरणीत ते अकरा वर्षं राबले त्या जमिनीवर त्यांना पाय ठेवता आला नाही. आणि अण्णांच्या डंपिंगवर मात्र किरकोळ तिकीट काढून कोणीही येऊन झाडाखाली बसतं. त्या दिवशी शाळेची एक सहल आली होती, धारावीतलीच मुलं असावीत. रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी बघायला गुडघ्यांवर बसली होती. गिरणगावातल्या एका तरी गिरणीला हे भाग्य मिळायला हवं होतं. अख्खी गिरणी नको, एखादी विहीर, एखादी चिमणी, भोवती चार एकर झाडं. बाबा तिथे येऊन बसले असते.

तळ्याकडे गेलो. पावसाचं पाणी साठवून ठेवायला हे तळं केलेलं आहे, झाडांना उन्हाळ्यात तेच पुरवायचं. पाण्यावर चतुर फिरत होते, काठच्या फांदीवर खंड्या. अण्णा तळ्याच्या काठी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, ह्या पाण्याला खालचा वास कसा येत नाही? मी सांगितलं की तळ्याच्या तळाशी अस्तर असतं, खालचं आणि वरचं पाणी मिसळू देत नाहीत. ते त्यांना ताबडतोब पटलं. गाडीच्या टाकीला गळती लागली की काय होतं हे त्यांना माहीत आहे.

मला मात्र तळं बघताना घरची चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढलेला खड्डा, आठवली. बाबांनी गावी आल्यावर बरीच वर्षं शेतीवर काढली, मग पैशांची फार ओढ झाली तेव्हा सड्यावरची वीस गुंठे जमीन चिरे काढायला दिली. कंत्राटदाराने सहा वर्षं चिरे काढले, वरची माती कडेला ढकलून ठेवली आणि खड्डा तसाच टाकून गेला. आता पावसात तो भरतो, पायऱ्यापायऱ्यांचे उभे कडे, उतरायला वाट नाही. गुरं पडतात. मी वर्गातल्या मुलांना तिथे जाऊ नका म्हणून दर जूनमध्ये सांगते. आमच्या भागात असे खड्डे गावोगाव आहेत. रेडीला तर लोखंडाच्या खाणींनी डोंगरच पोखरले आणि त्या लाल खड्ड्यांतही पाणी साठलं. कोकणातून दगड गेला, लोखंड गेलं, माणसं गेली. धारावीला भर पडत होती तेव्हा आमच्याकडे खड्डे पडत होते.

तरी आमच्या बाजूला काहीच झालं नाही असं नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेने कचरा डेपोचंच उद्यान केलं, मी दर वर्षी सातवीची मुलं घेऊन तिथे जाते. ओला-सुका एवढ्यावर ते थांबत नाहीत. काच वेगळी, कापड वेगळं, चामडं वेगळं. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात. मुलं नाकाला रुमाल लावून आत जातात आणि दहा मिनिटांत रुमाल खिशात जातो. वेंगुर्ल्यातच मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. तिवर कुठला, चिपी कुठली, कांदळाची आधारमुळं कशी पाण्यात उतरतात, हे त्या ज्या आपलेपणाने सांगतात तसं मला पुस्तक धरून सांगता येत नाही. म्हणून चिरेखाणीचं काही करता येईल असं मला धारावीत तळ्याकाठी पहिल्यांदा वाटलं. कडेला ढकललेली माती अजून तिथेच आहे, एका बाजूने ती परत लोटून उतार करता येईल. करंज तर आमच्याकडे बांधावरच उगवतो.

हे मी अण्णांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आधी उतार कर. माती तडक ओतू नको, थर दी आणि एक पावस खाऊन घी. नायतर बसतली." भर घालण्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

नदीच्या बाजूला गेलो तसा वास आला. मिठी विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते आणि जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. तेवढ्या अंतरात तिच्यात काय काय मिसळतं ते नाकाला कळत होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच मिठीने आपली सगळी जुनी जागा एका दिवसात परत मागितली. काठाला तिवर आहेत, हिरवेगार, मुळांत प्लास्टिक अडकलेलं. चिखलात रातबगळा मान आखडून बसला होता. मला वाईट वाटलं ते यासाठी, की ज्या बाजूला आपण कचरा टाकायचं थांबलो ती बाजू रान झाली आणि नदीत टाकायचं अजून थांबलेलो नाही. दोन्हींच्या मध्ये अंतर वीस पावलांचं.

अण्णा कुंपणाशी उभे राहून नदीच्या वळणाकडे बघत होते. एवढ्या वेळात त्यांना पहिली खूण पटली होती. इमारती बदलल्या, झाडं आली, पण पाण्याचं वळण तेच होतं. "हंयसर," ते म्हणाले. "हंयसर गाडी उलटी घेवन रिती करू." ते मागे वळले, झाडीत एका दिशेला हात केला, मग दुसऱ्या. तोंडाने पुटपुटत पावलं मोजायला लागले. मुकादमाची शेड कुठे होती ते शोधत होते.

काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यांच्याबरोबर गाडीवर असलेल्या एका लोडरना फोन लावला. ते कणकवलीकडचे, आता बदलापूरला मुलाकडे असतात. दोघांचे कान अधू, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात.

"मी खंय आसंय सांग बघया!"

पलीकडून दवाखाना, गाव, मार्केट असं काय काय आलं.

"डंपिंगार! धारावीच्या! न्हय, न्हय, आता डंपिंग नाय. रान आसा. करंज आसा, तळा आसा, पोरा इलीत शाळेची. अरे खरा सांगतंय. वास? नाय. अजिबात नाय. पानांचो वास येता." थोडा वेळ ऐकून घेतलं. मग, "मुकादमाची शेड खंयच्या बाजूक होती? डाव्या? काय बोलतंस, डाव्या बाजूक खाडी! उजव्या बाजूक होती, पत्र्याची. तू रात्रपाळीक येय, तुका काय दिसतला!"

त्यावरून दोघांचं जुंपलं. मी तोवर बाकावर बसून पाणी प्यायले. सहलीतली मुलं रांगेने परत निघाली होती आणि त्यातली दोघं थांबून या ओरडणाऱ्या आजोबांकडे बघत होती. अण्णांनी फोन कानाला तसाच धरून त्यांना हाताने जवळ बोलावलं आणि वाटेच्या कडेची ती हिरवी काच कुठे आहे ते दाखवलं, हात लावू नका म्हणून सांगितलं.

"नाय, फोनार कळाचा नाय," ते मग पलीकडे म्हणाले. "तू ये. पावसाच्या आधी ये. मी तुका शेड खंय होती ती दाखवतंय."